हवामान धोरणावरचं पहिलं संशोधन : कोल्हापुरातून सुरुवात कशी करायची

पर्यावरणशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मेकॅनिकल, राज्यशास्त्र यांपैकी कुठल्याही शाखेतून तुम्ही आलात आणि प्रबंधासाठी ‘हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करण्याचं धोरण’ असा विषय घेतलात, की पहिल्याच महिन्यात एक अडचण समोर येते. विषय जगाएवढा मोठा असतो आणि हातात वेळ दोन वर्षांचा. मग लिहिणं पॅरिस करारापासून सुरू होतं, तिथून दिल्ली, मुंबई असं करत शेवटच्या प्रकरणात कोल्हापूर येतं. तोवर दमछाक झालेली असते आणि शिफारशींमध्ये ‘जनजागृती करावी’ एवढंच लिहायचं उरतं.

मी उलट वाटेने जायला सांगतो. एक भट्टी, एक पीक, एक दूध संस्था किंवा एक उपसा योजना घ्या. तिचं उत्सर्जन स्वतः मोजा. मग तो आकडा बदलण्याचा निर्णय कुणाच्या हातात आहे, याचा माग काढत वर जा. कारखान्याचं संचालक मंडळ, महावितरण, वीज नियामक आयोग, मुंबईतलं मंत्रालय, दिल्लीतलं मंत्रालय अशी ती साखळी लागत जाते. धोरणाचा अभ्यास म्हणजे ही साखळी समजून घेणं.

यासाठी कोल्हापूर फार चांगली जागा आहे. साखर कारखाने, गुऱ्हाळं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, इचलकरंजीचे माग, ‘गोकुळ’ आणि ‘वारणा’सारखे दूध संघ, पंचगंगेच्या काठच्या सहकारी उपसा योजना हे सगळं एसटीने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. एवढी वेगवेगळी उत्सर्जनं इतक्या जवळ क्वचित मिळतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यामुळे इथल्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनात हवामान बदल म्हणजे पूर असंच समीकरण असतं. पुराला तोंड कसं द्यायचं हा अनुकूलनाचा विषय, आणि तोही तितकाच महत्त्वाचा. पण उत्सर्जन कमी कसं करायचं हा वेगळा अभ्यास आहे. त्याची माहिती वेगळी, पद्धत वेगळी, परीक्षकही वेगळे. दोन्ही एका प्रबंधात घेतले तर दोन्ही अर्धवट राहतात.

पायरी १ : तीन कागद वाचा, पण नीट वाचा

पहिला कागद म्हणजे भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेलं सुधारित वचन. त्यात २०३० साठी दोन मोठे आकडे आहेत. जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं, आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची करायची. २०७० पर्यंत निव्वळ शून्य (जेवढं उत्सर्जन, तेवढंच शोषण) गाठण्याची घोषणा त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला झाली होती.

हे वाचताना नवखे लोक दोन ठिकाणी घसरतात. ‘४५ टक्के घट’ ही एकूण उत्सर्जनातली घट नव्हे, रुपयामागची आहे. अर्थव्यवस्था वेगाने वाढली तर हे वचन पूर्ण होऊनही एकूण उत्सर्जन वाढू शकतं. तसंच ५० टक्के क्षमता म्हणजे ५० टक्के वीज नव्हे. सौर पॅनल रात्री वीज देत नाही. ‘एककामागे’ आणि ‘एकूण’ हा फरक पुढे म्हशीपासून भट्टीपर्यंत सगळीकडे भेटणार आहे, म्हणून तो इथेच पक्का करा.

दुसरा कागद म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये भारताने सादर केलेला चौथा द्वैवार्षिक अहवाल. त्यात २०२० सालचा राष्ट्रीय ताळेबंद आहे. जमीन आणि जंगलांचा हिशेब बाजूला ठेवला तर एकूण उत्सर्जन २,९५९ दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य (म्हणजे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून केलेली बेरीज). त्यात ऊर्जेचा वाटा सुमारे ७६ टक्के, शेतीचा सुमारे १४, औद्योगिक प्रक्रियांचा ८ आणि कचरा-सांडपाण्याचा अडीच टक्क्यांच्या आसपास. तुमचा विषय यातल्या कुठल्या रकान्यात बसतो ते आजच वहीत लिहून ठेवा.

तिसरा आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रीय मंडळाच्या) तिसऱ्या कार्यगटाचा एप्रिल २०२२ चा अहवाल. तो हजारो पानांचा आहे, तेव्हा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश आणि तुमच्या क्षेत्राचं एक प्रकरण एवढंच वाचा. बाकी लागेल तसं.

शोधनिबंधांसाठी शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जा. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून सरकारी संस्थांना बरीच नियतकालिकं मोफत उघडतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. आधीचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मिळतात. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, ते फुकट आहे.

पायरी २ : प्रश्न लहान करा

‘कोल्हापूर जिल्ह्यातील हवामान बदल : एक अभ्यास’ हा प्रश्नच नव्हे. प्रश्नाला उत्तर हवं, आणि ते उत्तर चुकीचं ठरण्याची शक्यताही हवी. काही चालतील असे प्रश्न देतो.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीने कोकवरचा कुपोला (लोखंड वितळवायची उभी भट्टी) बंद करून विजेची इंडक्शन भट्टी बसवली, तर टनामागचं उत्सर्जन खरंच कमी झालं का? शिरोळ तालुक्यात ऊस तुटल्यावर पाचट न जाळता कुट्टी करणाऱ्यांनी ते कशामुळे स्वीकारलं, आणि शेजाऱ्यांनी का नाही? एका सहकारी उपसा योजनेचे पंप दिवसा सौर विजेवर चालले तर उत्सर्जन किती कमी होईल, आणि पाण्याचा उपसा वाढेल का? केएमटीची (महापालिकेच्या शहर बससेवेची) एक डिझेल बस विजेवर गेली तर किलोमीटरमागे काय बदलतं?

प्रत्येकात एक मोजता येणारा आकडा आहे आणि एक माणूस किंवा संस्था आहे जी निर्णय घेते. या दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर तो प्रश्न या विषयासाठी अजून तयार झालेला नाही.

पायरी ३ : हद्द आखा

कुठलं उत्सर्जन मोजणार आणि कुठलं सोडणार, हे माहिती गोळा करण्याआधी लिहा. कारखान्यांसाठी तीन व्याप्तींची पद्धत जगभर वापरतात. आवारात जळणारं इंधन पहिल्या व्याप्तीत, विकत घेतलेली वीज दुसऱ्या, आणि कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या मालाचा वापर वगैरे तिसऱ्या व्याप्तीत. शहराचा किंवा गावाचा हिशेब करायचा असेल तर त्यासाठी वेगळी जागतिक नियमावली आहे. ती वापरा, कारखान्याची पद्धत शहराला लावू नका.

साखर कारखान्यात हद्दीचा प्रश्न अवघड होतो. बगॅस (उसाचं चिपाड) जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो एकूण बेरजेत धरत नाहीत, वेगळा नोंदवतात. पण त्याच ज्वलनातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरावा लागतो. उसाच्या शेतातला युरिया, तोडणीनंतरची वाहतूक, आसवनीचं स्पेंट वॉश (तिथलं सांडपाणी) हे धरायचं की नाही, हे तुमच्या प्रश्नावर ठरेल. त्यातून इथेनॉल निघत असेल, तर शेतातलं उत्सर्जन साखर आणि इथेनॉलमध्ये वाटायचं कसं? वजनावर, उष्मांकावर की किमतीवर? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. एक पद्धत निवडा, कारण द्या, आणि दुसऱ्या पद्धतीने किती फरक पडतो तेही दाखवा.

पायरी ४ : माहिती कुठे मिळते

जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्या. पिकांखालचं क्षेत्र, पशुधन, वाहनं, विजेचा वापर असं बरंच काही त्यात एका ठिकाणी मिळतं. शहरासाठी महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. पशुधनासाठी २०१९ ची विसावी पशुगणना. वाहनांसाठी वाहन पोर्टल.

कारखान्यांबाबत एक कमी वापरला जाणारा स्रोत सांगतो. प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाचमध्ये पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात कच्चा माल, पाणी आणि उत्पादन यांचे आकडे असतात. संमतिपत्रात इंधनाचा प्रकार आणि मर्यादाही असते. कारखान्यात जाण्याआधी हे वाचून गेलात तर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पातळीवर बोलतो.

सरकारी कार्यालयाने माहिती दिली नाही तर माहिती अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. कोणत्या वर्षाचं, कोणतं रजिस्टर, कोणता रकाना ते लिहा. खासगी कंपनीची व्यापारी गुपितं या मार्गाने मिळत नाहीत आणि मागूही नयेत.

शेतीपंपांच्या विजेबाबत सावध राहा. बऱ्याच वैयक्तिक पंपांचं बिल अजून एचपीवर (पंपाच्या अश्वशक्तीवर) येतं, त्यामुळे बिलावरचे युनिट म्हणजे अंदाज असतो. उलट मोठ्या सहकारी उपसा योजनांना उच्चदाबाची मीटर असलेली जोडणी असते आणि सचिवांकडे वर्षानुवर्षांची बिलं फाइलला लावलेली असतात. नवख्या माणसाने तिथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ५ : मोजा

सूत्र एकच आहे. किती वापरलं, गुणिले एककामागे किती उत्सर्जन. पहिली संख्या तुम्ही मिळवायची, दुसरी म्हणजे उत्सर्जन गुणांक. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिका आणि त्यांची २०१९ ची सुधारणा यांत ते मोफत मिळतात. विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. देशाचं ग्रिड एक झाल्यामुळे हा गुणांकही देशभर एकच.

आता फाउंड्रीचं उदाहरण पूर्ण करून पाहू, कारण धोरणाच्या अभ्यासात मोजणी का लागते ते इथे दिसतं.

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला समजा ६०० युनिट लागले. ०.७२ ने गुणलं तर ४३२ किलो. कुपोलात कोक जळतो. आयपीसीसीच्या उष्मांक आणि गुणांकांवरून एक टन कोकमधून साधारण ३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. एका भाग कोकवर आठ भाग लोखंड वितळत असेल, तर टनामागे १२५ किलो कोक, म्हणजे सुमारे ३७५ किलो उत्सर्जन. प्रमाण एकास सहा असेल तर १६७ किलो कोक आणि सुमारे ५०० किलो.

म्हणजे एकास सात हे प्रमाण सीमेवर येतं. कुपोला नीट चालवणाऱ्याने आजच्या ग्रिडवर भट्टी बदलली तर या हिशेबात उत्सर्जन थोडं वाढतं. ढिसाळ चालवणाऱ्याने बदलली तर कमी होतं. ‘विजेवर गेलं की स्वच्छ’ हे गृहीत इथे टिकत नाही. पण एवढ्यावर थांबलात तर तुम्हीही चुकीचा सल्ला द्याल. कोक बनतानाचं उत्सर्जन या हिशेबात नाही, कुपोलात टाकलेला चुनखडक नाही, ब्लोअरची वीज नाही. इंडक्शनच्या बाजूने वीज वाहून आणतानाची गळती धरलेली नाही. कुपोलाची धूळ आणि गंधकाचा धूर शेजारच्या वस्तीला सोसावा लागतो, तो वेगळा आणि गंभीर मुद्दा आहे. शिवाय ग्रिड वर्षागणिक बदलेल आणि भट्टी पंधरा-वीस वर्षं चालेल. फाउंड्रीने स्वतःची सौर वीज घेतली तर आकडा झपाट्याने खाली येतो. मात्र वितळवण रात्रपाळीत होत असेल तर दुपारची सौर वीज रात्रीच्या भट्टीच्या नावावर लिहायची की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचा संबंध वीज नियामक आयोगाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांशी आहे. एका भट्टीपासून निघून आपण वीजदर धोरणापर्यंत पोचलो. प्रबंधाचा सांगाडा असाच उभा राहतो.

उसाचं गणित वेगळं. नत्रखतातला काही भाग जमिनीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. आयपीसीसीच्या २००६ च्या साध्या गृहीतकानुसार दिलेल्या नत्राच्या १ टक्का. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. त्याचा १ टक्का म्हणजे ४ किलो नत्र, आणि नायट्रस ऑक्साइडच्या वजनात आणायला ४४/२८ ने गुणलं की सुमारे ६.३ किलो. या वायूचा शंभर वर्षांतला तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट धरला, तर हेक्टरी जवळजवळ १.७ टन समतुल्य. बरेच शेतकरी शिफारशीपेक्षा जास्त युरिया टाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा शेतावर जाऊनच कळेल.

पण २०१९ च्या सुधारणेत हा १ टक्का फोडला आहे. उष्ण कटिबंधात वर्षाला १००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस असलेल्या भागात रासायनिक नत्रासाठी १.६ टक्के, कोरड्या भागात ०.५ टक्के. आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. गगनबावड्यात पाऊस हजारोंच्या घरात, शिरोळमध्ये हजाराच्या बराच खाली. म्हणजे एकाच जिल्ह्यात गुणांक तिपटीहून जास्त बदलतो. आणि शिरोळचा ऊस कोरड्या हवामानातला म्हणायचा कसा, जेव्हा तो वर्षभर पाटाच्या आणि उपशाच्या पाण्यावर ओला असतो? पाऊस कमी पण जमीन ओली, अशा ठिकाणी कुठला गुणांक योग्य, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. मृदाशास्त्राच्या विभागाशी जोडून घेऊन कुणीतरी त्यावर काम करावं असं मला मनापासून वाटतं.

दुधाचं थोडक्यात. २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीसाठी वर्षाला ५८ किलो मिथेन आणि म्हशीसाठी ५५ किलो धरले आहेत. भारताने आपल्या राष्ट्रीय अहवालांत मात्र दुभत्या देशी गायीसाठी २८ आणि संकरित गायीसाठी ४३ असे स्वतःचे आकडे वापरले. गोठ्यात देशी गाय असेल आणि तुम्ही डोळे झाकून ५८ घेतलेत, तर उत्तर दुप्पट येतं. मिथेनला २८ ने गुणलं तर एका म्हशीचे वर्षाला दीड टनाच्या आसपास समतुल्य होतात. ती वर्षाला १५०० लिटर दूध देत असेल तर लिटरमागे साधारण एक किलो. चांगल्या आहाराने दूध वाढलं तर लिटरमागचा आकडा घटतो, पण दूध परवडतं म्हणून गोठ्यात आणखी एक म्हैस आली तर एकूण वाढतो. पहिल्या पायरीतला तोच फरक.

तापवण्याच्या प्रभावाच्या या गुणकांचा एक नियम लक्षात ठेवा. मिथेनसाठी २८ आणि नायट्रस ऑक्साइडसाठी २६५ हे आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातले आहेत आणि पॅरिस कराराखालच्या अहवालांसाठी तेच ठरले आहेत. भारताच्या जुन्या अहवालांत मिथेनला २१ लावलेले आढळतील. जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करू नका. आधी एकाच गुणकावर आणा.

प्रत्येक आकड्यापुढे एक्सेलमध्ये चार रकाने ठेवा : स्रोत, वर्ष, एकक, आणि तुमचा त्यावर किती भरवसा. हे कंटाळवाणं काम आहे, पण तोंडी परीक्षेत तेच तुम्हाला वाचवतं.

पायरी ६ : माणसांशी बोला

प्रश्नावली हेक्टर आणि किलोमध्ये नेऊ नका. शेतकरी एकर, गुंठा आणि पोत्यांत सांगतो. “काका, लागणीला किती पोती युरिया टाकला, भरणीला किती?” असं विचारा आणि रूपांतर घरी करा. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं आहे, पूर्वी ५० चं होतं, एवढं लक्षात ठेवा. गुऱ्हाळावर गेलात तर हिशेब आधणावर, म्हणजे कढईत एका वेळी शिजणाऱ्या रसावर, चालतो. एका आधणाला रस किती, चुलवणात चिपाड किती गेलं, कमी पडलं म्हणून दुसरं काय जाळलं, गुळाचे रवे किती निघाले. चिपाडाबरोबर टायर किंवा प्लास्टिक जळतं का हेही विचारावं लागतं, पण ते शेवटी, आणि आरोपाच्या सुरात नाही. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याशी बोला. मालकापेक्षा त्याला भट्टी जास्त ठाऊक असते.

साखर कारखान्यात शेती विभागातला चिटबॉय हा सगळ्यात उपयोगी माणूस. कुठल्या शिवारात कधी तोड झाली, जळीत ऊस किती आला, टोळ्या आधी फड पेटवायला सांगतात का, हे त्याला माहीत असतं. जळीत उसाच्या दरात कपात होते म्हणून कारखान्याकडे त्याची नोंद असते. तोडणीनंतर पाचट पेटवल्याची नोंद मात्र कुठेच नसते. त्यासाठी तुम्हाला फडावर जाऊन मोजावं लागेल किंवा उपग्रह चित्रं वापरावी लागतील.

वेळ पाहून जा. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जयसिंगपूरची ऊस परिषद आणि दराचं आंदोलन तापलेलं असेल, तर कारखान्यातल्या कुणालाही तुमच्यासाठी वेळ नसतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा. जुलै-ऑगस्टमध्ये शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या गावांत मुलाखती ठेवू नका, तिथे लोक पाण्याच्या पातळीकडे डोळे लावून असतात. संचालक मंडळाची निवडणूक लागली असेल तर तो कारखाना त्या वर्षी सोडून द्या. तुम्ही कुठल्या गटाचे, हा प्रश्न माहितीच्या आधी येतो, आणि त्याचं उत्तर कुणालाच पटत नाही.

विभागाचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं पत्र जवळ ठेवा. नाव छापणार नाही हे आधी सांगा आणि पाळा. कारखाना एकच असेल तर नाव न लिहिताही तो ओळखू येतो, तेव्हा काय छापायचं ते त्यांना दाखवून घ्या.

पायरी ७ : आकड्यापासून धोरणापर्यंत

आता तीन गोष्टी विचारा.

घट कशाच्या तुलनेत? काही केलं नसतं तर काय झालं असतं, ही आधाररेषा ठरवल्याशिवाय घट सांगता येत नाही. फाउंड्रीमालक वीज स्वस्त पडते म्हणून तशीही भट्टी बदलणार असेल, तर अनुदानामुळे घट झाली असं म्हणता येणार नाही. क्योटो कराराच्या काळात भारतातल्या बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पांनी कार्बन क्रेडिट मिळवण्यासाठी याच मुद्द्यावर लांबलचक दस्तऐवज सादर केले होते. ते संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर खुले आहेत. दोन-तीन वाचा. कंपनी स्वतःची बाजू कशी मांडते आणि तपासणारा कुठे बोट ठेवतो, हे त्यातून शिकायला मिळतं.

उलटा परिणाम काय? दिवसा मोफत किंवा स्वस्त वीज मिळाली की पंप जास्त वेळ चालू शकतो. उत्सर्जन घटेल, पण ऊस आणखी पाणी पिईल आणि शिरोळच्या क्षारपड जमिनीत भर पडेल. धोरण तपासताना एका वायूवर नजर रोखून चालत नाही.

कुणाला लागू, कुणाला नाही? २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्या सक्तीच्या भागासाठी अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली, खत, लोह-पोलाद, कागद, पेट्रोरसायनं, तेलशुद्धीकरण आणि वस्त्रोद्योग अशी नऊ क्षेत्रं निवडली. त्यात साखर नाही. लक्ष्यं मोठ्या कारखान्यांसाठी आहेत, त्यामुळे इचलकरंजीचा चार मागांचा मालक किंवा शिरोलीची लहान फाउंड्री त्या चौकटीबाहेर राहते. मग या लहान उद्योगांसाठी कुठलं साधन चालेल? समूहाने मिळून सौर वीज घेणं, कोकचं प्रमाण सुधारायला तांत्रिक मदत, की बँकेचं स्वस्त कर्ज? यावर कोल्हापुरातून चांगलं काम होऊ शकतं. माल युरोपला जात असेल तर तिथल्या सीमेवरच्या कार्बन कराचा निश्चित टप्पा जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे. तुमच्या फाउंड्रीचं कास्टिंग कोणत्या सीमाशुल्क कोडखाली जातं ते निर्यात कागदांवर पाहा, आणि मगच तो कर लागतो की नाही हे लिहा. वर्तमानपत्रातल्या बातमीवर विसंबू नका.

धोरण स्थिर नसतं हेही नोंदवा. इथेनॉलचं घ्या. २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य पुढे ओढलं, कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी येणार म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवलं. दरम्यान कारखान्यांच्या हिशेबात काय झालं, हे त्यांच्या वार्षिक अहवालांत आहे. सहकारी कारखान्याचा छापील अहवाल सभासदांच्या घरी मिळतो. शेजारच्या गावात एखादे सभासद नक्की सापडतील.

पायरी ८ : लिहिणं आणि परत देणं

मर्यादांचं प्रकरण ओशाळून लिहू नका. कोकचं प्रमाण एकास सहा ते आठ धरलं तर उत्तर ३७५ ते ५०० किलो येतं, असं कक्षेत सांगा. ४३७.२६ किलो असा दशांशातला आकडा पाहून जाणकार वाचकाचा विश्वास उडतो. पैसे मागून आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. त्यातला निबंध पुढे मुलाखतीत अडचणीचा ठरतो. पीएचडी करणाऱ्यांनी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे.

प्रबंध झाला की त्याचा दोन पानांचा मराठी गोषवारा काढा. त्यात एकर, पोती, आधण, युनिट याच मापांत आकडे द्या आणि शेवटी काय बदललं तर किती खर्च, किती बचत, ते लिहा. ज्यांनी माहिती दिली त्या प्रत्येकाला स्वतः नेऊन द्या. फाउंड्रीत दिवाळीच्या सुट्टीआधी, कारण भट्टीच्या दुरुस्तीचे निर्णय तेव्हा होतात. कारखान्यात वार्षिक सभेच्या आधी, म्हणजे सभासदांना प्रश्न विचारता येतील. एक प्रत जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाला, एक महापालिकेच्या पर्यावरण विभागाला, आणि पोच घेऊन या.